आठ महिने इंटरनेट फोन अडॅप्टर वापरून: 'साठ'चं 'आठ' करणारी सेटिंग

परवा इंटरनेट कंपनीचा माणूस आला, अडॅप्टरच्या (जुना फोन इंटरनेटवर चालवणाऱ्या डबीच्या) मागच्या भोकात पिन घालून दाबून धरली, "झालं रीसेट, आता बघा" म्हणाला आणि गेला. रिंग येत नाही एवढीच तक्रार होती. रिंग आली. पण आठ महिन्यांत एकेक करून बसवलेल्या सेटिंग सगळ्या गेल्या, आणि त्याच संध्याकाळी आबांनी राजकोटच्या शेठना सांगितलेले गुळाचे साठ रवे (ढेपा) तिकडं पुन्हा आठ झाले. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची मार्केट यार्डात गुळाची पेढी आहे. 0231 चा (कोल्हापूरचा) नंबर आबांच्या तरुणपणापासूनचा, गुजरातच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत तोच लिहिलेला. 2019 च्या महापुरात कुठंतरी केबल भिजली आणि तांब्याची लाईन पुन्हा कधी धड चालली नाही. शेवटी फायबर घेतलं, नंबर तोच राहिला, आणि जुना फोन या दोन पोर्टच्या अडॅप्टरला लागला. आबा मोबाईलवर सौदा बोलत नाहीत. हातात जड रिसीव्हर असल्याशिवाय त्यांना भाव सुचत नाही.

पहिला महिना वाईट गेला. दुपारनंतर आवाज तुटायचा, तीन शब्दांतला एक गायब. कस्टमर केअरचं एकच उत्तर: "प्लॅन वाढवा, 300 एमबीपीएस घ्या." इथं माझं डोकं फिरलं. जी.711 कोडेकवरच्या (कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला जाताना साधारण 87 केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा दहावा हिस्साही नाही, एवढेच लागतात आणि येताना तेवढेच. आमच्याकडं 100 एमबीपीएस आहे. तिप्पट पैसे कशासाठी मोजायचे? खरा चोर गोदामातले सीसीटीव्ही होते. माल उतरायला लागला की चारही कॅमेरे क्लाउडवर चढवायला लागतात, राउटरच्या दारात डेटाच्या पाकिटांची (छोट्या तुकड्यांची) रांग लागते आणि आबांचा आवाज त्या रांगेत अडकतो. उशिरा पोचलेलं आवाजाचं पाकीट अडॅप्टर टाकूनच देतो, तीच ती तुटक जागा. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) अडॅप्टरला पहिला मान दिला, अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या जरा खाली बांधली आणि वाय-फाय सोडून थेट लॅन केबल ओढली. खर्च केबलचा तेवढा. तुटणं त्याच दिवशी थांबलं.

मग शेठ म्हणायला लागले की त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. मी आठवडाभर "तुमच्याकडचा फोन बघा" म्हणत राहिलो, आणि चूक माझी होती. प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो, त्याच्या समोरच्या टोकाला दोष असतो. आमच्याकडं गोदामापर्यंत गेलेली जुनी पॅरलल वायर अजून अडॅप्टरला जोडलेली होती. ती काढली, फोन पोर्टचा इनपुट गेन (फोनकडून आत येणाऱ्या आवाजाची पातळी) तीन डेसिबलनं उतरवला, आवाज साफ झाला. जुनी वायरिंग ठेवायचीच असेल तर बाहेरून आलेली कंपनीची तांब्याची जोडी आधी तोडून घ्या. तिच्यावर विद्युतदाब असला तर अडॅप्टरचा पोर्ट जळतो.

एवढं झाल्यावर मी ओळखीच्या दोघांना हा अडॅप्टर घ्या म्हणून सांगितलं होतं. मग साठ रव्यांचा प्रकार झाला.

शेठनी विचारलं, "आज कितना निकलेगा?" आबांची सवय अशी की आधी वहीत बघतात, क्षणभर गप्प राहतात, मग एकच शब्द बोलतात: "साठ." तिकडं ऐकू गेलं "आठ". 30 किलोचे बावन्न रवे शेठनी दुसऱ्या पेढीकडून उचलले. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. इतक्या वर्षांत बोललेला आकडा चुकला नव्हता.

मी पेढीवरच्या फोनवरून स्वतःच्या मोबाईलला कॉल लावला आणि मध्ये दोन-दोन सेकंद थांबत शब्द म्हणत गेलो. गूळ बरोबर, दहा बरोबर. साठचं आठ, सातचं आत, शंभरचं अंभर. पण "बरोबर साठ" असं सलग म्हटलं की साठ शाबूत. म्हणजे शांततेनंतरचा पहिला स आणि श कापला जात होता. अडॅप्टरच्या वेबपेजवर शोधलं तर एक ओळ सापडली: साइलेन्स सप्रेशन, एनेबल. बोलणारा गप्प असताना पाकिटं पाठवायची नाहीत, तेवढाच डेटा वाचतो. टेलिफोनचा आवाज 300 ते 3400 हर्ट्झमधला, आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. जे उरतं ते इतकं बारीक की बॉक्सला ती शांतताच वाटते. 'आ' आल्यावर त्याला जाग येते, तोवर स गेलेला असतो. 100 एमबीपीएसच्या लाईनवर असले चिमूटभर केबीपीएस वाचवून कुणाचं भलं होतं? फायबरवर देताना ही सेटिंग बंदच करून द्यायला पाहिजे. मी ती डिसेबल केली, कोडेकच्या यादीत आवाज जास्त दाबणारा 8 केबीपीएसचा जी.729 वर होता तो खाली ढकलला, जी.711 चा ए-लॉ हा प्रकार पहिला घेतला. त्यानंतर परवापर्यंत एकही आकडा चुकला नाही.

अडॅप्टरचा पत्ता माहीत नसेल तर त्याला लावलेल्या फोनवरून तीनदा किंवा चारदा स्टार दाबा, बहुतेक बॉक्स बोलून सांगतात. आवाज एकाच बाजूनं जात असेल तर राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉलच्या पाकिटांत फेरफार करणारी सोय) बंद करून बघा. आणि लाईट गेली की हा फोन मेला, हे धरून चाला. जुन्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची. मी राउटर, फायबरचा बॉक्स आणि अडॅप्टर तिन्ही छोट्या यूपीएसवर टाकलेत.

आता परवाचं. रीसेटनंतर रात्री बसून सगळं पुन्हा भरलं, आणि सकाळी बघतो तर साइलेन्स सप्रेशन परत एनेबल. रीसेटमुळं ऑटो प्रोव्हिजनिंग चालू झालं होतं आणि पहाटे बॉक्सनं कंपनीच्या सर्व्हरवरून जुनीच सेटिंग ओढून घेतली. ते आधी बंद करायचं, मग बाकीचं भरायचं, हा क्रम मी कागदावर लिहून अडॅप्टरच्या वर चिकटवलाय. खाली मोठ्या अक्षरात: विचारल्याशिवाय पिन लावू नये. सर्व्हरवरच बदल करा म्हणून तक्रार टाकलीय, अजून कुणाचा फोन नाही. तोवर रोज सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी पेढीवरून माझ्या मोबाईलला कॉल लावतो, दोन सेकंद गप्प राहतो आणि साठ म्हणतो.