पिंपं मोजली, तरी बुडालो

206 पिंपं. एव्हगॅसची, म्हणजे विमानाच्या पेट्रोलची, प्रत्येकी 200 लिटरची. हा आकडा आम्हाला नंतर कुणी सांगितलेला नाही. पैसे देण्याच्या आधी, विक्रेत्याच्याच टेबलावर, त्याच्याच फायलीतली बिलं उलटत आम्ही तो काढला होता. आणि तरीही त्याच्या जुन्या हेलिकॉप्टरसाठी 1,17,50,000 रुपये दिले.

लग्नाची वरात, पुष्पवृष्टी, नाशिकचा 2027 चा सिंहस्थ. भाड्याच्या हेलिकॉप्टरचं हे गणित खान्देशात आम्ही चौघांनीच मांडलं असेल असं नाही, म्हणून लिहितोय. हसायचं त्यांनी हसून घ्या. आमच्यात एकाचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, 22 वर्षांचं. जुना ट्रॅक्टर दारात आला की हवर मीटरकडे (किती तास चाललं ते मोजणाऱ्या) तो बघतसुद्धा नाही, कारण मीटरची वायर काढून ठेवतात हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. क्लचच्या पायपट्टीचं रबर किती झिजलंय ते तो बघतो. बैल घेताना दात बघणारी माणसं आम्ही, आणि इथे तोंड उघडून बघायचंच राहिलं.

मशिन रॉबिन्सन आर-44, रेव्हन-2. चार सीटचं, सहा सिलिंडरचं लायकमिंग पिस्टन इंजिन, 2012 ची बनावट. (हा शब्द पुढे दोन्ही अर्थांनी खरा ठरला.) या मशिनचं आयुष्य दोन घड्याळांवर चालतं: 2200 तास किंवा 12 वर्षं, जे आधी भरेल ते. भरलं की पूर्ण ओव्हरहॉल. म्हणजे नुसतं इंजिन बांधणं नव्हे. मुख्य रोटरची, म्हणजे वरच्या मोठ्या पंख्याची, दोन्ही पातीसुद्धा बदलायची, कारण त्यांचंही आयुष्य तेवढंच. मशिन हँगरमध्ये धूळ खात उभं असलं तरी 12 वर्षांचं घड्याळ थांबत नाही. त्यामुळे "फक्त अमुक तास चाललंय" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवा आणि तारीख विचारा.

आम्ही तारीख विचारली होती, हे मुद्दाम सांगतो. उत्तर मिळालं: 2019 मध्ये पूर्ण ओव्हरहॉल झालाय, त्यानंतर फक्त 388 तास, म्हणजे 1812 तास आणि सात वर्षं शिल्लक. सोबत रिलीज सर्टिफिकेटची, म्हणजे काम होऊन भाग वापरायला योग्य असल्याच्या दाखल्याची, रंगीत झेरॉक्स. अमेरिकेतून आलेल्या भागाला 8130-3 नावाचा फॉर्म असतो, इथल्या कामाला आपल्याकडचा सीए फॉर्म 1. फॉर्म खराच दिसतो, कारण तो कुठल्या तरी दुसऱ्या मशिनचा खराच असतो. झेरॉक्स घेऊ नका. फॉर्मवरचा क्रमांक ज्या वर्कशॉपने दिला त्याला तुम्ही स्वतः, तुमच्या मेलवरून विचारा. दलालाने दिलेल्या नंबरवर फोन केलात तर दलालाचा मेहुणाच उचलेल.

आता त्या पिंपांचा हिशेब. आर-44 तासाला साधारण 55 ते 60 लिटर पितं; 57 धरा. 388 तासांना झाले 22,116 लिटर, म्हणजे 111 पिंपं. त्याच काळातली बिलं होती 206 पिंपांची. जिनिंगवाल्या भागीदाराने तिथल्या तिथे विचारलंही, "भाऊ, इतलं पेट्रोल कथा गयं?" (इतकं पेट्रोल गेलं कुठे?) विक्रेता शांतपणे म्हणाला, जमिनीवर गरम करायला चालवावं लागतं, आणि कलेक्टिव्ह (मशिन वर उचलायचा दांडा) खाली असला की मीटर थांबलेलं असतं. हे खरंय. त्यामुळेच ते पचलं. आर-44 चं मीटर कलेक्टिव्ह उचलल्यावरच धावतं. पण गरम करणं आणि शेवटी थंड करणं हे काही मिनिटांचं काम, तेही कमी आरपीएमवर. सढळ हाताने 20 टक्के धरले तरी 133 पिंपं होतात. उरलेली 73 पिंपं, म्हणजे 14,600 लिटर, म्हणजे किमान 256 तासांचं उड्डाण, लॉगबुकात कुठेच नाही. हा भागाकार करायला मोबाईल लागतो आणि एक मिनिट. आम्ही चहा घेतला.

त्या एका मिनिटाचा राग अजून जात नाही.

बाकीच्या खुणाही समोर होत्या, फक्त त्या आम्हाला चांगल्या वाटल्या. पात्यांना नवा कोरा रंग. पात्याच्या टोकाजवळ पुढच्या कडेचा रंग धुळीने घासून उडतो. तिथे आतला दांडा आणि वरचा पत्रा यांचा चिकटवलेला जोड उघडा पडला की पत्रा सुटायला लागतो. ही या मशिनच्या पात्यांची जुनी, जाहीर दुखणी. म्हणून वापरातल्या पात्याचं टोक थोडं तरी खरचटलेलं असायलाच हवं. नेमकं तेच टोक चकचकीत असेल तर रंग कोणी, कधी आणि कशाला मारला त्याची लॉगबुकातली नोंद मागा. दुसरं, गिअरबॉक्स आणि बेअरिंगवर तापमानाच्या चिकटपट्ट्या असतात. भाग जास्त तापला की त्यातला चौकोन काळा पडतो आणि परत पांढरा होत नाही. आमच्या मशिनवरच्या सगळ्या पट्ट्या एकाच दिवशी चिकटवल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. आम्ही म्हणालो, काय निगा ठेवलीय!

इंजिनचं कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब किती धरतात ते) मात्र घेतलं, 80 पीएसआय देऊन सहाही सिलिंडर 70 च्या वर. इंजिन खरंच बरं होतं. चांगला भाग आधी दाखवतात, हे बैलबाजारातही असंच चालतं. तेलाचा फिल्टर कापून आतल्या घडीत धातूचे कण बघायला हवे होते, तेवढा वेळ "पायलटला जायचंय" म्हणून दिला नाही. वेळ देत नसतील तर उठा.

पैसे असे गेले: टोकन 5,00,000. 500 रुपयांच्या स्टँपवर करार झाला त्या दिवशी 40,00,000. मशिन पाठवण्याआधी 72,50,000, आरटीजीएसने. ठरलेली किंमत 1,85,00,000. उरलेले 67,50,000 नोंदणी नावावर झाल्यावर. आम्हाला वाटलं एवढी रक्कम अडकवून ठेवली म्हणजे लगाम आपल्या हातात. लगाम हातात होता, पण गाडीला बैलच नव्हता.

आणि मशिन आलं कसं? ट्रेलरवर. पाती काढून, कसारा घाट चढून, वाहतूक 1,38,000 रुपये आमच्याच खिशातून. कारण सांगितलं की जळगावला एव्हगॅस मिळायची खात्री नाही. मुंबई ते जळगाव हवेतून साडेतीनशे किलोमीटर. या मशिनला पावणेदोन-दोन तासांची मजल, एका टाकीत. उडणारं म्हणून विकलेलं यंत्र रस्त्याने येतंय, तेव्हाच कुणीतरी हात धरायला हवा होता. विकत घेण्याआधी तुमच्या माणसाला बसवून एक तास उडवा, आणि मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहून ठेवा.

पाती परत बसवायला परवानाधारक इंजिनिअर बोलावला. त्याने पात्याच्या मुळाशी थिनरचं फडकं फिरवलं. वरचा नंबर 2019 च्या ओव्हरहॉलच्या कार्डावरचा, तो रंगाबरोबर फडक्यावर आला. खालचा नंबर 2012 च्या पहिल्या लॉगबुकातला. दोन्ही पात्यांचं तेच. म्हणजे ओव्हरहॉल झालाच नव्हता, 12 वर्षं उलटलेली, मशिन कागदोपत्री आणि खरोखरही जमिनीवर. इंजिनिअरची फी 45,000. हीच फी व्यवहाराच्या आधी द्यायची असते. आणि इंजिनिअर तुमचा हवा, विक्रेत्याने सुचवलेला नाही.

पुढचं प्रकरण वेगळंच. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "हेलिकॉप्टर? तुम्ही?" दुसरा: करार मुंबईत झाला, मग तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे जळगावच्या खात्यातून गेले, मग इकडे या. भारतीय न्याय सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय. छापून नेलं, तर कागद परत दिला आणि म्हणाले वकिलाला दाखवा. मग "ही दिवाणी बाब आहे". खोटा नंबर रंगवून विकणं दिवाणी कसं, याला उत्तर नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर हे सायबर नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं, तर भाड्याने देणार होतात म्हणजे व्यापारी हेतू, तुम्ही ग्राहकच नाही. एका कार्यालयाने लॉगबुकांच्या प्रती तीन वेळा मागवल्या आणि तिन्ही वेळा पोच दिली नाही. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच तुमच्या सहीने पाठवलेत. सात महिने, 31 चकरा. एकाही माणसाने शेडमध्ये येऊन ती पाती बघितली नाहीत. तक्रार घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा, पोच जपा, आणि त्यानंतर थेट मॅजिस्ट्रेटकडे जा. हे पहिल्या आठवड्यात करा. आम्ही पाचव्या महिन्यात केलं, ओळखीच्या साहेबांच्या भरवशावर राहून.

हलतंय ते एकच. "परत करतो" म्हणून विक्रेत्याने 20,00,000 चा चेक दिला होता, तो परत आला. बँकेचा मेमो हातात आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला 15 दिवस, त्यानंतर एका महिन्यात चेक न वटल्याची, कलम 138 ची फिर्याद. फिर्यादीला एक दिवस उशीर झाला तर माफीचा अर्ज करत बसा. आणि चेक ज्या शाखेतल्या तुमच्या खात्यात भरला, तिथल्याच कोर्टात ही केस चालते, मुंबईला जावं लागत नाही. त्यामुळे समोरचा काहीही देत असेल तर चेकवर घ्या, तोंडी वायद्यावर नको.

मशिन जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, भाडं महिन्याला 18,000. पाती भिंतीशी वेगळी ठेवलीत, पुसलेला नंबर वरच्या बाजूला करून. पंचनाम्याला कुणी आलंच तर शोधावं लागू नये.