बेडफर्ड स्क्वेअर की हर्स्ली? ऐतिहासिक इंग्रजी घरात कार्यालय थाटण्यापूर्वी

इंग्लंडमधील जुन्या घरात कार्यालय थाटू पाहणाऱ्यापुढे सामान्यतः दोन पर्याय असतात: शेजारघरांशी सामाईक भिंतींनी जोडलेले शहरी घर किंवा विस्तीर्ण आवारात स्वतंत्र उभी असलेली हवेली. लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील बेडफर्ड स्क्वेअर (घरांनी वेढलेला चौक, बांधकाम १७७५ ते १७८३) आणि विंचेस्टरजवळचे, १७२० च्या दशकातील हर्स्ली हाउस यांची तुलना केली, तर निर्णयाचा खरा मुद्दा घराच्या नकाशाचा, म्हणजे खोल्यांच्या मांडणीचा आहे हे स्पष्ट होते.

बेडफर्ड स्क्वेअरमधील घरे अरुंद आणि उंच आहेत. बहुतेक मजल्यांवर पुढे-मागे दोन मुख्य खोल्या आणि बाजूच्या भिंतीलगत जिना, अशी रचना असते. पहिल्या मजल्यावरचा दिवाणखाना सर्वांत भव्य असल्याने बैठकांसाठी तो अप्रतिम आहे. मात्र तेथे फळ्यांची आडभिंत घातली की छताची नक्षी आणि खिडक्यांची प्रमाणबद्धता दोन्ही मोडतात, आणि असे करणे मला अक्षम्य वाटते. माणसे मजल्यामजल्यांवर विखुरतात, लिफ्टसाठी जागा काढणे कठीण जाते. आर्किटेक्चरल असोसिएशनची वास्तुकला शिकवणारी शाळा १९१७ पासून येथे आहे. ती वाढली तसतशी तिने एकाच घरात दाटी न करता शेजारची घरे घेतली.

हर्स्लीला मोकळ्या जमिनीचा लाभ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज कूपर यांनी मूळ विटांच्या घराचा मोठा विस्तार केला. दुसऱ्या महायुद्धात साउदम्प्टनवरील बॉम्बहल्ल्यांनंतर १९४० मध्ये स्पिटफायर लढाऊ विमानांचा आराखडा करणारा सुपरमरीन या विमान कंपनीचा विभाग येथे आला, आणि १९५८ मध्ये संगणक कंपनी आयबीएम आली. तिच्या प्रयोगशाळांचा भार पुढे आवारातील नव्या इमारतींनी उचलला, म्हणून जुन्या दालनांची मोडतोड करण्याची गरज कमी भासली.

इंग्लंडच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत बेडफर्डची घरे प्रथम श्रेणीत (Grade I), तर हर्स्ली त्याखालच्या द्वितीय तारांकित श्रेणीत (Grade II*) आहे. श्रेणी खालची म्हणजे आतून हवे ते करण्याची मुभा, असा समज करून घेऊ नये. संरक्षण अंतर्भागालाही लागू असते आणि वास्तूचे स्वरूप बदलणारे काम विनापरवाना करणे हा गुन्हा ठरतो.

मोजक्या माणसांच्या, भेटीगाठींवर चालणाऱ्या संस्थेने बेडफर्ड निवडावे; मनुष्यबळ वाढणार असेल, तर हर्स्लीसारखे आवार शोधावे. भाडेकरार करण्यापूर्वी वापरात नसलेल्या धुराड्यांची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण भिंती न फोडता तारा वरच्या मजल्यांपर्यंत नेण्याचा मार्ग बहुधा तेथूनच मिळतो.