बूट होताना 256 दिसायचं

शेजारच्या मुलाने परवा 2 टीबीचा पेनड्राइव्ह दाखवला. ऑनलाइन घेतलेला, 699 रुपयांत. लॅपटॉपला लावला की विंडोजसुद्धा 2 टीबीच म्हणतं, मग खोटा कसा असेल, हा त्याचा प्रश्न. कॉलेजच्या नोट्स, बहिणीच्या लग्नाचे फोटो, सगळं त्यात भरून मोकळा झाला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण "स्क्रीनवर दिसतंय ना" या एका वाक्यावर आमच्या घरचे 43,000 रुपये गेलेले आहेत. साल 1996.

वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटांच्या छापलेल्या शीट्स तपासायचे. शाई कुठे पसरलीय, रेघ कुठे तुटलीय, हे बघण्यात त्यांची हयात गेली. आम्ही नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये. मी बारावी झालो आणि कॉम्प्युटर घरात हवाच, असं त्यांच्या एका सहकाऱ्याने त्यांच्या मनात भरवलं. सोसायटीचं कर्ज निघालं. दिवाळीच्या आधी कॉलेज रोडवर एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावरच्या दुकानात गेलो. चपला बाहेर, आत एसी, आणि काचेच्या टेबलावर मॉनिटरवर व्हीसीडी, म्हणजे सीडीवरचा सिनेमा, चालू. पडदाभर चित्र, कुठे अडकणं नाही, दोन्ही स्पीकरमधून आवाज. आई बघतच राहिली.

"हाच सेट काका. मल्टिमीडिया. टीव्ही विकून टाका," दुकानदार म्हणाला.

टेबलाखाली दोन कॅबिनेट होते. मॉनिटरची वायर त्यातल्या कुठल्या कॅबिनेटला गेली होती, हे आमच्यापैकी कुणीही वाकून पाहिलं नाही. आज कुणाबरोबर काही विकत घ्यायला गेलो की मी आधी वाकतो.

आम्हाला मिळालं ते 486 डीएक्स2 प्रोसेसरचं मशीन, 66 मेगाहर्ट्झ, 8 एमबी रॅम, डबल स्पीड सीडी ड्राइव्ह, 16 बिट साउंड कार्ड, डॉस 6.22 आणि त्यावर विंडोज 3.11. बिल म्हणून वहीचा फाडलेला कागद: "1 कॉम्प्युटर मल्टिमीडिया सेट, जमा." पक्कं बिल हवं तर टॅक्स वेगळा पडेल म्हणाले. वडिलांनी तो वाचवला. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर दुकानदाराने स्वतःच्या हाताने कागदी सील चिकटवलं, वर सही केली. सील तुटलं की वॉरंटी बाद. तेव्हा वाटलं, किती चोख माणूस आहे. चादरीत गुंडाळून रिक्षातून द्वारकामार्गे घरी आणला. खड्डा आला की वडील रिक्षावाल्याला "हळू, हळू" करत होते.

घरी व्हीसीडी लावली. चित्र आगपेटीएवढ्या खिडकीत नीट चालायचं. मोठं केलं की माणूस ओठ हलवून थांबायचा आणि आवाज पुढे निघून जायचा.

दुकानाचा "इंजिनिअर" आला, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा असेल. त्याने प्लेअर काढून परत टाकला, डिस्प्लेचे रंग 256 वर आणले, 150 रुपये घेतले. पुढच्या वेळी ड्रायव्हर बदलला, 150. तिसऱ्या वेळी सीडी ड्राइव्हच गायब होता, डी: टाइप केलं की एरर. त्याने कॉन्फिग.सिस, म्हणजे सुरू होताना कुठले ड्रायव्हर मेमरीत घ्यायचे हे सांगणारी फाइल, उघडली, वडिलांकडे वळला आणि म्हणाला, "सीडीच्या ड्रायव्हरची ओळच उडवलीय कुणीतरी. मुलगा हात लावतो का?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नाही.

तिथून पुढे कुठलीही तक्रार घेऊन गेलो की एकच उत्तर, "तुमच्याकडे फाइली डिलीट होतात." मग वडील काही बोलायचे नाहीत. मीही नाही.

नंतर प्रिंटर घेतला, डॉट मॅट्रिक्स. प्रिंट सोडली की आवाज तुटायचा. साउंड कार्ड गेलं, नवीन 2,200, असं निदान झालं. व्हीसीडी अडकते कारण ड्राइव्ह डबल स्पीड आहे, क्वॉड स्पीड घ्या, असंही. तो आम्ही घेतला, 5,500 ला. चित्र होतं तिथेच. मग इंजिनिअर म्हणाला, स्पीड वाढवून देतो, 300 रुपये. ज्यांनी ते जुने कॅबिनेट पाहिलेत त्यांना तोंडावरचा छोटा हिरवा डिस्प्ले आठवत असेल. आमच्याकडे तिथे 66 दिसायचं. त्याने दुकानाचंच सील काढलं, आम्हाला चहा करायला आत पाठवलं, आणि दहा मिनिटांत डिस्प्लेवर 80. नवं सील, नवी सही. वडिलांनी त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलावून 80 दाखवलं.

तो आकडा प्रोसेसरकडून येतच नाही. डिस्प्लेच्या मागे पिना असतात, त्या जोडणाऱ्या छोट्या टोप्या, म्हणजे जंपर, जसे लावाल तसा आकडा उमटतो. लावलं तर 99 पण दिसेल. हे मला कळायला आठ महिने लागले.

कळलं ते असं. माझ्या मित्राचा मोठा भाऊ इंजिनिअरिंगला होता, सुट्टीत घरी आला होता. त्याने आधी साउंड कार्डाच्या सेटिंगची ओळ पाहिली आणि हसला. कार्ड इंटरप्ट 7 वर होतं, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची त्याची वाट 7 नंबरची, आणि प्रिंटरचा पोर्टही 7 च वापरतो. दोघं एकाच दारात उभे. सील फाडायला मी घाबरत होतो, त्याने नखाने काढलं. कार्डवरचा जंपर 7 वरून 5 वर, सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलमधल्या ओळीत आय7 चं आय5, रीस्टार्ट. प्रिंट आणि आवाज दोन्ही सुरळीत. 2,200 चा रोग फुकटात बरा झाला. 80 ची गंमतही त्याने तेव्हाच दाखवली.

मग त्याने फ्लॉपीवरून कॅशचेक नावाचा डॉसचा एक छोटा प्रोग्राम चालवला. आमचं मशीन सुरू होताना दर वेळी पडद्यावर 256 केबी कॅश अशी ओळ यायची. ही कॅश म्हणजे प्रोसेसर आणि रॅमच्या मधली जलद मेमरी. ती खरी असेल तर छोट्या तुकड्यांना एक वेग, 256 केबीपर्यंत जरा कमी, आणि त्याच्या पुढे आणखी कमी, अशा पायऱ्या दिसायला हव्यात. आमच्याकडे 8 केबीपर्यंत एक वेग, तेवढी कॅश प्रोसेसरच्या पोटातच असते, आणि त्यानंतर थेट तळ. मधली पायरीच नाही.

मदरबोर्ड बाहेर काढला. कॅशच्या जागी काळ्या चिप ओळीने बसलेल्या, वर इंग्रजीत "राइट बॅक" छापलेलं. ना नंबर, ना तारीख. टॉर्च तिरपा धरला तर चिपच्या पायांपासून बोर्डवर रेघाच निघत नव्हत्या. पाय होते, पण ते कशालाच जोडलेले नव्हते. त्याने ब्लेडने एक चिप खरवडली. आतपर्यंत नुसतं प्लॅस्टिक. आणि बूट होताना 256 लिहायचं काम बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्राममध्येच, करून ठेवलेलं. असे बोर्ड तेव्हा जगभर विकले गेले, हे मी पुढे वाचलं.

संध्याकाळी वडील ड्यूटीवरून आले. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, चिप खिडकीपाशी नेली, बराच वेळ पाहिली. म्हणाले, "छपाई चांगली आहे." मग हातपाय धुवायला गेले.

खरं तर कॅश असती तरी ती व्हीसीडी पडदाभर चालली नसती. त्यातला व्हिडिओ एमपेग-1 मध्ये दाबून भरलेला असतो, तो सोडवायला 486 च्या पुढचा पेंटियम प्रोसेसर हवा, नाहीतर वेगळं एमपेग कार्ड. 486 च्या जिवावरचं ते काम नव्हतं. दुकानातल्या टेबलाखालचा दुसरा कॅबिनेट कशासाठी होता ते तेव्हा उमगलं. आणि क्वॉड स्पीडचं तर सांगायलाच नको: व्हीसीडी मुळात सिंगल स्पीडने वाचता यावी अशीच बनवलेली असते. आमचा जुना ड्राइव्हसुद्धा गरजेच्या दुप्पट होता. 43,000 चा सेट, सात व्हिजिटचे 1,050, ड्राइव्हचे 5,500 आणि 80 च्या आकड्याचे 300. पन्नास हजाराला 150 कमी.

दुकानात गेलो. दुकानदाराने चिप हातात घेतली, शांतपणे टेबलावर ठेवली. "काका, माल मुंबईहून जसा येतो तसा मी देतो. आणि सील तुम्ही तोडलंय." वर म्हणाला, 14,000 टाका, पेंटियमचा बोर्ड बसवून देतो. ओळखीच्या वकिलांना विचारलं. ग्राहक मंचात दोन वर्षांच्या आत जाता येतं म्हणाले, पण त्या वहीच्या कागदावर ना प्रोसेसरचं नाव, ना कॅशचा उल्लेख. काय विकलं होतं हे दाखवणार कशावर? वडिलांनी विषय तिथेच सोडला. कर्जाचे हप्ते पुढे बरीच वर्षं पगारातून कापले जात होते.

आता त्या मुलाचा पेनड्राइव्ह. तंत्र तेच. आतल्या कंट्रोलरला, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या चिपला, 2 टीबी सांगायला शिकवलेलं असतं, खरी मेमरी निघते 16 नाहीतर 32 जीबी. ती भरली की पुढच्या फाइली एकतर जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा कुठेच जात नाहीत; नावं दिसतात, उघडत नाहीत. म्हणून घेतल्या घेतल्या, काहीही कॉपी करायच्या आधी, एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालवायचं. ते ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, कितीही लागला तरी लागू द्या. जुना लॅपटॉप घेताना दुकानदाराने उघडून दाखवलेल्या खिडकीवर समाधान मानू नका. प्रोसेसर आणि रॅम कुठली ते दाखवणारं सीपीयू-झेड स्वतः टाका, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्क किती तास चाललीय ते बघा, आणि तुम्ही रोज जे काम करता ते त्याच मशीनवर, त्याची वायर कुठे गेलीय हे पाहून, अर्धा तास करा. बिलावर मॉडेल, प्रोसेसर, रॅम, सिरियल नंबर लिहून घ्या. "कशाला, विश्वास नाही का?" असं विचारलं तर तिथून उठा. तक्रारीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक असेल तर 1930, आणि तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं.

मुलाची चाचणी अखेर संपली. 2 टीबीपैकी खरे निघाले 29 जीबी. लग्नाचे फोटो बहिणीच्या फोनमध्ये अजून होते म्हणून वाचले. त्याने तक्रार टाकायला आधी नकोच म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाला, ड्राइव्ह मी एकदा फॉरमॅट केला होता, ते म्हणतील तूच बिघडवला. मी त्याला समोर बसवून फॉर्म भरायला लावला.

वडील आता 86 वर्षांचे आहेत. हा मजकूर त्यांना वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ती कॉन्फिगमधली ओळ? ती तूच उडवली होतीस ना?"

उडवली होती. एका गेमला 600 केबी मेमरी मोकळी हवी होती.