कथेतलं यान: हायपरस्पेस, वॉर्प की वर्महोल?

डोंबिवलीच्या माझ्या भाचीला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवायची आहे. १९७४ साली नारळीकरांनी टोपणनावानं कथा पाठवली होती, तीच ही स्पर्धा. तिच्या पहिल्या खर्ड्यात आई डब्यात थालीपीठं बांधून देते, मुलगी नमस्कार करून निघते आणि दोनच ओळींनंतर प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वात जवळच्या ताऱ्याहून आईला व्हिडिओ कॉल लावते. निरोपाचा एवढा चांगला प्रसंग तिथेच वाया गेला.

प्रॉक्झिमा ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. व्हॉयेजर-१ या अंतराळयानाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनं, तेवढं अंतर कापायला ७० हजारांहून जास्त वर्षं लागतील. तेव्हा काहीतरी युक्ती लागणारच. प्रश्न एवढाच, की कुठली युक्ती तुमच्या कथेला मानवेल?

हायपरस्पेस सगळ्यात सोपं. यान आपल्या अवकाशातून निसटतं, जिथे अंतरं आखूड आहेत अशा दुसऱ्या अवकाशातून जातं आणि हवं तिथे बाहेर येतं. भौतिकशास्त्राचा आधार जवळपास नाही, नियम सगळे लेखकाचे. प्रवास हा कथेचा विषयच नसेल तर खुशाल घ्या. फक्त त्याची एक किंमत ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा.

वॉर्पला निदान गणित आहे. मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये ते मांडलं: यानासमोरचं अवकाश आकसतं, मागचं प्रसरण पावतं आणि मधल्या बुडबुड्यात यान स्वस्थ असतं. अवकाशातून धावण्यावर प्रकाशवेगाची मर्यादा आहे, खुद्द अवकाशाच्या ताणण्यावर नाही. अडचण ऋण ऊर्जेची, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जेची. ती एवढी आणायची कुठून? पण लेखकासाठी खरी खाण पुढे आहे. बुडबुडा प्रकाशाहून वेगात असताना आतून दिलेला इशारा त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचूच शकत नाही. लोकलमध्ये साखळी ओढावी आणि ती कशालाच जोडलेली नसावी, तसं. शिवाय वाटेत पुढच्या कडेला साठलेले कण थांबताना प्रचंड ऊर्जेनं समोर फेकले जातील, असंही गणित सांगतं. ज्यांना भेटायला निघालो, त्यांनाच आपल्या येण्यानं भाजून काढायचं! या एका गोष्टीवर अख्खी कथा उभी राहील.

वर्महोल, म्हणजे कृमिविवर: अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा. कल्पनेचं मूळ आइनस्टाइन आणि रोझेन यांच्या १९३५ च्या लेखात. माणूस पार जाऊ शकेल असं विवर कसं असावं, हे मॉरिस आणि थॉर्न यांनी १९८८ मध्ये मांडलं. तिथेही ऋण ऊर्जा लागतेच. मुंबईच्या कोस्टल रोडच्या बोगद्यात गिरगाव चौपाटीला शिरलं, की मलबार हिलच्या पोटातून प्रियदर्शिनी पार्कला निघतो. गाडीचा वेग वाढत नाही, रस्ता आखूड होतो.

छोट्या कथेसाठी माझं मत वर्महोललाच. कारण त्याचं तोंड ही एक जागा असते. तिथे नाका बसतो, रांग लागते, कुणाला सोडायचं हे कुणीतरी ठरवतं. एक जोखीम मात्र ओळखून असा: एक तोंड प्रचंड वेगानं फिरवून आणलं तर त्याचं घड्याळ मागे पडतं आणि बोगदा कालयंत्र होतो. खरं तर आइनस्टाइनची सापेक्षता पाळायची म्हटली, तर प्रकाशाला मागे टाकणारी कुठलीही युक्ती भूतकाळात निरोप धाडण्याची वाट उघडते. ही वाट का बंद आहे, हे एका वाक्यात तरी सांगा.

आणि ताटातूट हाच कथेचा गाभा असेल, तर प्रकाशाला हरवूच नका. त्याच्या ९९ टक्के वेगानं प्रॉक्झिमा गाठायला यानात सव्वासात महिने लागतात, घरी सव्वाचार वर्षं उलटतात.

भाचीनं वर्महोल निवडलं. तोंड गुरूच्या कक्षेपलीकडे ठेवलंय. व्हिडिओ कॉल गेला. आता आईचं पत्र त्या नाक्यावर तीन आठवडे रांगेत पडून असतं.