ब्लॉग की व्हिडिओ? नवोदितांच्या नजरेतून ब्लॉगर, वर्डप्रेस आणि यूट्यूब

लिहावे की कॅमेऱ्यासमोर बोलावे, या प्रश्नावरची चर्चा बहुधा कॅमेरा, माईक आणि कमाई यांच्याभोवतीच फिरत राहते. या तिन्ही सेवा वापरून पाहिल्यावर मला मात्र नवोदितांसाठी वेगळाच निकष महत्त्वाचा वाटतो: एकदा प्रसिद्ध केलेली गोष्ट नंतर किती सहज सुधारता येते?

ब्लॉगर ही सेवा 1999 पासून चालू असून 2003 पासून गूगलकडे आहे. गूगलचे खाते असले की काही मिनिटांत ब्लॉग विनामूल्य सुरू होतो. मांडणीचे पर्याय मोजके आणि काहीसे जुनाट आहेत, पण पहिल्या लेखांसाठी ते पुरेसे पडतात. वर्डप्रेसच्या बाबतीत नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा वेगळी आणि स्वतः होस्टिंग (म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवरची भाड्याची जागा) घेऊन त्यावर बसवायचे मुक्त सॉफ्टवेअर वेगळे. दुसऱ्या पर्यायात हवे ते बदल करता येतात, परंतु होस्टिंगचा खर्च, अपडेट आणि बॅकअप ही सारी जबाबदारी आपल्यावर येते. कोणतीही सेवा निवडली तरी लेख निर्यात करून दुसरीकडे नेता येतात, ही ब्लॉगची फार मोठी जमेची बाजू आहे.

लेख दुरुस्त करणे तर अगदीच सोपे आहे. एखाद्या अ‍ॅपविषयी लिहिले आणि पुढे त्यातल्या बटणाची जागा बदलली, तर एक वाक्य आणि एक स्क्रीनशॉट बदलला की काम होते. लेखाचा पत्ता तोच राहतो आणि खालच्या प्रतिक्रियाही तशाच राहतात. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरी फाईल ठेवता येत नाही. तिथल्या एडिटरमध्ये नको असलेला भाग कापता येतो किंवा धूसर करता येतो, पण राहून गेलेले वाक्य घालता येत नाही. त्यासाठी नवा व्हिडिओ करावा लागतो आणि त्याचे व्ह्यूज शून्यापासून सुरू होतात. वर्णनात दुरुस्ती लिहून ठेवता येते खरी, पण ते वर्णन उघडून वाचणारे प्रेक्षक थोडेच असतात.

असे असले तरी काही विषय व्हिडिओचेच आहेत. क्रोशाच्या सुईवर दोरा कसा घ्यायचा आणि तो टाक्यातून कसा ओढायचा, हे सांगायला चार परिच्छेद खर्ची पडतात आणि तरीही वाचकाचा हात अडखळतो. तेच जवळून चित्रित केले तर दहा सेकंदांत कळते. वाद्याचा नाद किंवा उच्चार शिकवणाऱ्यांनी तर लेखाच्या वाटेला जाऊच नये. त्यांना सुरुवातीला फोनचा कॅमेरा पुरतो, पण आवाजाकडे दुर्लक्ष करू नये, कारण चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक थांबतो, घुमणारा आवाज मात्र तो फार वेळ ऐकत नाही.

कमाईबाबत यूट्यूबचे नियम स्पष्ट आहेत. जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि त्यासोबत गेल्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम (प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहिल्याचा एकूण वेळ) किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे, 1 कोटी व्ह्यूज लागतात. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. प्रत्येक वेळी सरासरी 4 मिनिटे पाहिली गेली असे धरले, तरी 60,000 व्ह्यूज हवेत. शॉर्ट्स फीडमधला वेळ यात धरलाच जात नाही, हे अनेकांना फार उशिरा कळते. पात्र ठरल्यावर मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातींतून 55 टक्के आणि शॉर्ट्समधून 45 टक्के वाटा मिळतो. ब्लॉगवर अ‍ॅडसेन्स ही गूगलची जाहिरात सेवा घेण्यासाठी सबस्क्रायबरची अट नाही, पण मजकूर स्वतःचा हवा आणि वाचक नसतील तर मंजुरी मिळूनही हाती काही पडत नाही.

माहिती, नियम, तुलना किंवा अनुभव मांडणाऱ्यांना मी ठामपणे ब्लॉगची शिफारस करेन, आणि हाताने करून दाखवण्याची कला असणाऱ्यांना तितक्याच ठामपणे यूट्यूबची. दोन्ही हवे असेल, तर आधी लेख पूर्ण करावा, तो मोठ्याने वाचून अडखळणारी वाक्ये सुधारावीत आणि मग त्याच मजकुरावर चित्रीकरण करावे. वर्डप्रेसमध्ये व्हिडिओचा पत्ता स्वतंत्र ओळीत चिकटवला की व्हिडिओ लेखातच दिसू लागतो, आणि पुढे काही बदलले तर त्याच्याच खाली दुरुस्ती लिहिता येते.