ऑल्बोर्ग विद्यापीठाचा ‘सस्टेनेबल सिटीज’ अभ्यासक्रम: एक परीक्षण

शाश्वत शहरे या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या अभियंत्यांशी आणि वास्तुविशारदांशी बोलताना डेन्मार्कचे नाव सहसा पुढे येत नाही. तेथील ऑल्बोर्ग विद्यापीठाचा याच नावाचा दोन वर्षांचा, १२० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) एमएस्सी अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे आणि शहर कोण चालवते, निर्णय कोठे होतात, पैसा कोठून येतो या प्रश्नांत ज्यांना खरा रस आहे, त्यांनी त्याचा गांभीर्याने विचार करावा असे माझे ठाम मत आहे. केवळ हरित इमारतींचे तंत्र शिकायचे असेल, तर दुसरे अभ्यासक्रम अधिक उपयोगी पडतील.

युरोपातील शहरांनी १९९४ मध्ये मान्य केलेली शाश्वततेची सनद ऑल्बोर्ग शहराच्या नावानेच ओळखली जाते. हा अभ्यासक्रम मात्र विद्यापीठाच्या कोपनहेगन येथील परिसरात, सिडहाव्हन भागात, एकेकाळी नोकिया कंपनीच्या असलेल्या इमारतींमध्ये चालतो. अध्यापन इंग्रजीतून होते.

१९७४ मध्ये स्थापन झाल्यापासून या विद्यापीठाने समस्याधारित शिक्षणाची पद्धत धरून ठेवली आहे. सत्राच्या ३० श्रेयांकांपैकी साधारण निम्मे एकाच गटप्रकल्पाला असतात आणि उरलेले त्याला पूरक ठरणाऱ्या व्याख्यानांना. विषय गटाने स्वतः शोधायचा, प्रश्न स्वतः मांडायचा, संबंधित अधिकाऱ्यांच्या आणि रहिवाशांच्या मुलाखती घ्यायच्या आणि सत्राअखेर एक सविस्तर अहवाल लिहायचा. परीक्षेला सगळा गट एकत्र बसतो. मार्गदर्शक आणि परीक्षक अहवालातील प्रत्येक दाव्याचा आधार विचारतात, श्रेणी मात्र प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. २००६ मध्ये डॅनिश सरकारने अशा सामूहिक परीक्षांवर बंदी घातली होती, ती काही वर्षांनी उठवण्यात आली आणि ते योग्यच झाले, कारण नगरनियोजनाचे काम प्रत्यक्षात कधीच एकट्याने होत नाही. पाठांतरावर उत्तीर्ण होण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला येथे पहिले सत्र जड जाते. प्रश्न नेमका मांडण्यातच अनेक आठवडे जातात, आणि ते वाया गेले असे मला कधीही वाटले नाही.

या पद्धतीचे खरे बळ कोपनहेगन शहरात आहे. २ जुलै २०११ रोजी तेथे दोन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि तळघरे, रस्ते, रुग्णालये पाण्याखाली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेल्या ९४४ मिलिमीटरच्या आठवणीने तो आकडा आपल्याला लहान वाटेल. परंतु त्यानंतर काय घडले हे पाहण्यासारखे आहे. महापालिकेने २०१२ मध्ये ढगफुटी व्यवस्थापन आराखडा मंजूर केला, त्यातून सुमारे ३०० कामे निघाली आणि पाणी केवळ गटारांतून न नेता रस्ते, चौक आणि उद्याने यांच्या पृष्ठभागावरच साठवण्याचे व वळवण्याचे धोरण स्वीकारले गेले. एंगहेव्ह उद्यानात आता अतिवृष्टीच्या वेळी सुमारे २२,६०० घनमीटर पाणी थांबवता येते आणि एरवी त्याच खोलगट जागेत मुले खेळतात. अशा ठिकाणी जाऊन खर्चाचा वाटा पाणीपट्टीतून किती आणि महापालिकेच्या निधीतून किती, देखभाल कोणाच्या अंगावर, हे विचारता येते.

त्याहून अधिक शिकवून जाते ते या शहराचे अपयश. २०२५ पर्यंत कार्बनतटस्थ होण्याचे, म्हणजे हवेत निव्वळ कार्बन न सोडण्याचे, उद्दिष्ट कोपनहेगनने जगभर मिरवले होते आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते गाठता येणार नसल्याचे शहराने मान्य केले. आमागेर बाके या कचऱ्यापासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या प्रकल्पातील धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या योजनेला सरकारी अर्थसाहाय्य मिळाले नाही, हे त्याचे प्रमुख कारण. छतावर स्कीची उतरण असलेला हा प्रकल्प छायाचित्रांत फार देखणा दिसतो; पण शहरातील जवळजवळ सर्व घरांना उष्णता पुरवणाऱ्या जाळ्यात त्याचा वाटा असल्यामुळे त्याला सतत कचरा लागतो, आणि कचरा कमी करण्याच्या धोरणाशी या गरजेचे जमत नाही. ऊर्जाप्रणालींच्या गणनेसाठी याच विद्यापीठात विकसित झालेली ‘एनर्जीप्लॅन’ ही संगणकप्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. ज्यांना आकड्यांतून असे ताण तपासायचे असतील, त्यांनी अर्ज करण्यापूर्वीच ती हाताळून पाहावी.

भारतीय विद्यार्थ्याने एक मर्यादा आधीच ओळखावी. डॅनिश नगरपालिका उत्पन्नावर थेट कर आकारतात आणि जमिनीच्या वापराचे आराखडे स्वतः मंजूर करतात. मुंबई महापालिकेचा जकातीचा स्रोत २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला. शिवाय शहराच्या नियोजनाचे अधिकार एमएमआरडीए, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अशा राज्याच्या यंत्रणांमध्ये विभागलेले आहेत. त्यामुळे कोपनहेगनचा उपाय उचलून मुंबईत किंवा पुण्यात बसवता येत नाही, आणि झोपडवस्त्या, अनधिकृत बांधकामे, टँकरचे पाणी यांविषयीचे वाचन तुम्हाला स्वतःच करावे लागते. मला ही उणीव अभ्यासक्रम नाकारण्याइतकी मोठी वाटत नाही. सत्तेचे आणि पैशाचे प्रश्न विचारण्याची शिस्त एकदा अंगी बाणली, की आपल्या शहरांचे दस्तऐवजही वेगळ्या नजरेने वाचता येतात.

खर्चाबाबत स्पष्ट सांगायला हवे. युरोपीय संघाच्या नागरिकांना शिक्षण शुल्क नाही, आपल्याला ते पूर्ण भरावे लागते, आणि कोपनहेगनमधील घरभाडे हा त्याहून सतत बोचणारा खर्च आहे. शुल्क, प्रवेशपात्रता आणि विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांचे नियम बदलत असतात. ते विद्यापीठाच्या व डॅनिश सरकारच्या संकेतस्थळांवरच पाहावेत. राहण्याची सोय प्रवेश निश्चित होताच शोधायला लागावे.

तिसऱ्या सत्रात एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करण्याची संधी घेता येते आणि चौथे सत्र ३० श्रेयांकांच्या प्रबंधासाठी राखलेले असते. प्रबंध आपल्या गावावर किंवा शहरावर लिहायचा असेल, तर महापालिकेकडील कागदपत्रांसाठी माहितीच्या अधिकारातील अर्ज तिसऱ्या सत्रातच करावेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची असली, तरी पहिले अपील करावे लागल्यास आणखी महिना-दीड महिना सहज जातो, आणि प्रबंध सादर करण्याची तारीख त्यासाठी थांबत नाही.