पॉइंट देणारं ॲप आणि 'संतुष्ट हैं?' विचारणारी हेल्पलाइन: इंदूरहून अनुभव

निकाल आधी सांगते. किराण्याचं ॲप फोनमधून काढून टाकलं; सरकारी तक्रारींच्या हेल्पलाइनचा १८१ हा नंबर मात्र आईच्याही फोनमध्ये सेव्ह करून दिलाय.

ॲप एका मोठ्या साखळी दुकानाचं, नाव लिहीत नाही. दिवाळीच्या ऑफरमुळे लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीत बऱ्याच घरांत आलं. पॉइंट साठले, सिल्व्हरची गोल्ड झाले, वाढदिवसाला कूपनही आलं. सामान वेळेवर यायचं, हे मान्य. बिनसलं ते संक्रांतीला. चिक्कीच्या गुळाऐवजी साधा गूळ आणि तिळाचं फुटलेलं पाकीट. फोटो टाकला, चॅटमधल्या यंत्राने दिलगिरी व्यक्त केली आणि संध्याकाळी मेसेज: 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.' कोणी सोडवली, पैसे कुठे गेले, काही पत्ता नाही. परत विचारलं की नवा तक्रार क्रमांक आणि रामायण पहिल्यापासून. पॉइंटची मुदत संपवण्यात मात्र या यंत्राची कधी चूक होत नाही!

त्याच सुमारास आईच्या पेन्शनच्या थकबाकीचा कागद एका कार्यालयात अडकला होता. मामा म्हणाले, "चकरा कशाला मारतेस? सरळ १८१ लाव." मध्य प्रदेशची ही सीएम हेल्पलाइन २०१४ पासून चालू आहे. तक्रार आधी खालच्या अधिकाऱ्याकडे जाते, त्याला एल-१ म्हणतात. मुदतीत काही झालं नाही की आपोआप वर सरकते, थेट एल-४ पर्यंत. आणि अधिकाऱ्याने 'निराकरण झालं' असं लिहिलं तरी हेल्पलाइनवरून घरी फोन येतो: "आप संतुष्ट हैं?"

त्या कार्यालयाने 'नियमानुसार कार्यवाही केली' एवढंच उत्तर टाकलं होतं. आईने फोनवर ठणकावून सांगितलं, "बिलकुल नहीं." तक्रार वरच्या पायरीवर गेली. मग तिथल्या बाबूंचेच फोन सुरू झाले: "माताजी, काम हो जाएगा, आप शिकायत तो कटवा दो." कटवा दो म्हणण्यात इतका गोडवा असतो हे आम्हाला नव्यानेच कळलं. तक्रारी निकाली काढण्यावरून जिल्ह्यांची आणि खात्यांची दर महिन्याला क्रमवारी लागते, त्यामुळे ही लगबग. नव्याने वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: काम हातात पडेपर्यंत 'संतुष्ट' म्हणू नका, कोणी कितीही माताजी म्हणो. आईची थकबाकी खात्यात जमा झाली, त्यानंतरच तिने होकार दिला.

उणी बाजूही आहे. वरिष्ठ अधिकारी तक्रार 'फोर्स क्लोज' करू शकतात, म्हणजे शेवटचा शब्द दर वेळी आपलाच असेल असं नाही. वेळही लागतो, आईचं प्रकरण संक्रांतीला सुरू झालं ते रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे इथल्या रंगांच्या मिरवणुकीनंतर, मिटलं. कचरा, ड्रेनेज, गल्लीतला दिवा असल्या कामांसाठी १८१ पर्यंत जायची गरज नाही. महापालिकेच्या 'इंदौर ३११' या ॲपवर फोटो टाकावा. कोपऱ्यावरचा दिवा आम्ही तसाच लावून घेतला.

तरी आईचा १८१ वर जीव जडलाय. तिला एकही पॉइंट मिळालेला नाही, पण तिच्या 'नाही'ने कागद हलला. शेजारच्या काकूंची तक्रारही तिनेच नोंदवून दिली, वर त्यांच्याकडून 'संतुष्ट नहीं हूँ' म्हणण्याची तालीमही करून घेतली.

किराणा आता गल्लीतल्या दुकानातून येतो, व्हॉट्सॲपवर यादी टाकून. चुकीचं काही आलं तर दुकानातला मुलगा परत नेतो आणि महिन्याच्या हिशेबात वळतं होतं. ॲपवाल्यांचे 'आम्हाला तुमची आठवण येते' असे एसएमएस अजून येतात. गुळाच्या पैशांचा उल्लेख त्यात नसतो.